एम.बी.ए.ला जागा मिळेल काय? अर्जाआधी घरात करावयाचा हिशेब

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो. "भाऊ, आमच्या पोराला एम.बी.ए.ला जागा मिळेल का?" विचारणारे वडील कुठे एस.टी.त चालक असतात, कुठे नगरपालिकेत सफाई कामगार, तर आई कुठे अंगणवाडीत मदतनीस. प्रश्न एका वाक्याचा असतो, पण त्याच्या पोटात भविष्य निर्वाह निधीतून काढावयाची रक्कम असते, धाकट्या बहिणीचे लांबलेले शिक्षण असते आणि घरातील एका मुलाची ऐन उमेदीची दोन वर्षे असतात.

या प्रश्नाला वस्तीत दोन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "आपल्याला आरक्षण आहे, डोळे मिटून मिळेल." दुसरा म्हणतो, "ते मोठ्यांचे काम आहे, आपल्याला कोण विचारतो?" आम्हाला ही दोन्ही उत्तरे सारखीच घातक वाटतात, कारण दोन्ही हिशेब न करता दिलेली आहेत. दिवसभर कार्यालयात हिशेबाच्या वह्या सांभाळणे आणि संध्याकाळी मुलांचे अर्ज भरून देणे हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. त्यातून एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. जागा मिळेल की नाही हे नशिबावर सोडण्याचे कारण नाही. त्याचा बराचसा अंदाज घरी बसून, कागद-पेन घेऊन बांधता येतो.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी होती. इथे आजही अनेक घरांत मुलगा वा मुलगी हीच पहिली पदवीधर असते. विचारायला घरात कोणी नसते. मग जो पहिला भेटतो तोच सल्लागार होतो, आणि पुष्कळदा तो कॉलेजचा दलाल असतो. म्हणून हा लेख.

दारे दोन, कुलपे वेगळी

एम.बी.ए.च्या प्रवेशाची आपल्या उपयोगाची मुख्य दारे दोन आहेत.

पहिले दार राज्याचे. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष दरवर्षी एम.बी.ए./एम.एम.एस.ची सीईटी घेतो आणि तिच्या गुणांवर केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या, ज्यांना मुले 'कॅप राउंड' म्हणतात, त्या होतात. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील व्यवस्थापन विभाग, जळगाव व शिरपूर येथील व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा विभाग, मुंबईची जमनालाल बजाज संस्था, चर्चगेटची सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, ही सारी याच दारातून गाठता येतात. पात्रता म्हणजे कोणत्याही शाखेची पदवी किमान ५० टक्क्यांनी, आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीयांना ४५ टक्क्यांनी. शेवटच्या वर्षाची मुले निकालापूर्वीही परीक्षेला बसू शकतात. पण ४४.९० ला कोणी ४५ धरणार नाही. आकडा काठावर असेल तर शेवटच्या सत्रातच तो वर काढावा.

दुसरे दार केंद्राचे. 'कॅट' ही परीक्षा साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि तिच्यावर देशातील आय.आय.एम. संस्थांचे प्रवेश होतात. महाराष्ट्रात नागपूरची आय.आय.एम. २०१५ पासून आहे, आणि मुंबई पवईची जुनी 'नीटी' २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली आहे. इथेही अनुसूचित जाती-जमातींना पदवीस ४५ टक्के चालतात, आणि परीक्षेची फी निम्मी असते.

राज्याच्या दारात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत. केंद्राच्या दारात हेच आकडे १५ आणि साडेसात टक्के आहेत. पण दोन दारांतला खरा फरक पुढेच आहे. राज्याच्या फेरीत सीईटीचा क्रम हाच जवळजवळ सर्व काही ठरवतो. आय.आय.एम.मध्ये कॅटचे गुण फक्त मुलाखतीच्या अंगणापर्यंत पोचवतात. प्रत्येक संस्था एकूण गुणांची आणि प्रत्येक विभागाची वेगळी किमान रेषा प्रवर्गनिहाय आखते. त्यानंतर दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, मुलाखत, कुठे लेखी उतारा, यांचे वजन धरते. म्हणून दहावीला कमी गुण असलेल्या मुलाची संधी एका आय.आय.एम.मध्ये अंधुक आणि दुसरीत बरी असू शकते. संस्थांचे हे नियम दरवर्षी जाहीर होतात. ते वाचून स्वतःचे गुण त्यांत बसवून पाहणे हा हिशेबाचा पहिला धडा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

निकाल हातात आला की घरात घोटाळा सुरू होतो. "पोरीला ८२ पडले, म्हणजे फर्स्ट क्लासच्याही वर!" असे म्हणून पेढे वाटले जातात. इथे थांबावे. ८२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ८२ गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभर उमेदवारांपैकी सुमारे ८२ जण तिच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, आणि १८ जण पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा एक लाख मुले बसली, तर तिच्यापुढे सुमारे अठरा हजार उभी आहेत. हा आकडा लहान नव्हे आणि लाजिरवाणाही नव्हे. पण तो शाळेच्या टक्क्यांसारखा वाचला तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

सीईटीत प्रश्न २०० आणि वेळ १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न असतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी हे गणित नीट पाहावे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते हे खरे, पण निव्वळ इंग्रजी भाषेचे प्रश्न चौथाई आहेत. आकृत्यांच्या पंचवीस प्रश्नांना तर भाषा जवळजवळ लागतच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाने इंग्रजीच्या धाकाने उरलेले दीडशे सोडून देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तराचे पर्याय पाच असतात. म्हणून वेळ संपत आली आणि ८० प्रश्न राहिले, तर अंदाजाने खुणा केल्या तरी सरासरी सोळा बरोबर येतात. कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे फुकट घालवलेला पैसा. कॅटचा हिशेब उलटा आहे. तिथे बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नातील चुकीला १ गुण जातो. चार पर्यायांत आंधळा अंदाज केला तर सरासरीने हाती शून्य येते. एखादा पर्याय नक्की चूक आहे हे कळले तरच अंदाज फायद्याचा ठरतो. एकाच मुलाने दोन्ही परीक्षा द्यावयाच्या असतील तर ही दोन सवयी वेगळ्या ठेवाव्यात.

मागची यादी, पुढचा अंदाज

आता मुख्य काम. प्रत्येक कॅप फेरीनंतर प्रवेश परीक्षा कक्ष कोणत्या संस्थेत, कोणत्या प्रवर्गात, शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली याची यादी जाहीर करतो. यालाच 'कट-ऑफ' म्हणतात. ही यादी फुकट मिळते. हिच्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

ती वाचताना चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, एका वर्षाची यादी पाहू नये, लागोपाठ तीन वर्षांच्या पाहाव्यात. दुसरी, गुणवत्ता क्रमांकापेक्षा पर्सेंटाइलची तुलना करावी, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते. तिसरी, आपल्याला लागू असलेला स्तंभच पाहावा. यादीत मुलींच्या जागा, पदवीच्या विद्यापीठाप्रमाणे घरच्या वा बाहेरच्या जागा असे उपगट दाखवलेले असतील, तर नंदुरबारहून पदवी घेतलेल्याने मुंबईच्या संस्थेतील मुंबईकरांचा स्तंभ पाहून हुरळून वा खचून जाऊ नये. चौथी, अनुसूचित जातीच्या मुलाचा विचार गुणवत्तेप्रमाणे आधी खुल्या जागेसाठीही होतो. म्हणून खुला आणि आपला असे दोन्ही स्तंभ टिपावेत.

तीन वर्षे का, ते सांगतो. साठ जागांच्या वर्गात १३ टक्के म्हणजे सात-आठ जागा. त्यांतही काही संस्था पातळीवर जातात आणि उरलेल्यांचे उपगट पडतात. एखाद्या स्तंभात दोन-तीनच जागा उरतात. अशा वेळी एका वर्षी दोन हुशार मुले तिकडे वळली की शेवटचा आकडा एकदम वर चढतो, आणि पुढल्या वर्षी ती दुसरीकडे गेली की खाली येतो. जागा जितक्या थोड्या, तितका आकडा चंचल. म्हणून गेल्या वर्षी अमुक आकड्याला मिळाली, यंदाही मिळेलच, हे म्हणणे कच्चे आहे.

उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत, कोणत्याही संस्थेचे नाहीत. समजा, तळोद्याच्या एका बी.कॉम. झालेल्या मुलीला ८२ पर्सेंटाइल मिळाले. पहिली संस्था तिच्या स्तंभात तीन वर्षांत ९६, ९५ आणि ९७ ला बंद झाली. दुसरी ८४, ७९ आणि ८६ ला. तिसरी ६०, ५८ आणि ६५ ला. आता वहीत तीन रकाने आखावेत. पहिली 'अवघड', कारण तिच्या सर्वांत खालच्या आकड्यालाही आपण पोचत नाही. दुसरी 'होईल वा न होईल', कारण आपला आकडा तिच्या खालच्या आणि वरच्या आकड्यांच्या मध्ये आहे. तिसरी 'भरवशाची', कारण तिच्या सर्वांत वरच्या आकड्याहूनही आपण बरेच पुढे आहोत. प्रत्येक रकान्यात तीन-चार नावे आली की घराला आपली जागा कळते. ज्याच्या वहीत तिसरा रकाना रिकामा आहे, त्याने जागा धरूनच चालू नये.

पसंतीक्रम भरताना

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना पुष्कळ मुले घाबरून भरवशाची संस्था वर टाकतात. हे चूक आहे. यंत्रणा आपल्या यादीतील वरून पहिली जी जागा आपल्या क्रमाला मिळू शकते तीच देते. अवघड संस्था वर लिहिल्याने खालची हातची जात नाही. म्हणून क्रम आवडीचा लावावा, आणि रकाने तिन्ही भरावेत.

पण एक सावधगिरी हवी. पहिल्या पसंतीची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. जिथे जायचेच नाही अशा संस्थेचे नाव पहिल्या ओळीत कधी लिहू नये. फेऱ्या किती आणि कोणत्या फेरीत किती पसंतीपर्यंत जागा बांधली जाते हे नियम बदलत असतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या शिकलेल्याने मोठ्याने वाचावी आणि सर्वांनी ऐकावी.

कागदावर अडलेली जागा

गुण आहेत, यादीत नाव आहे, आणि जागा कागदापायी जाते, असे प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही. पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. ही तरतूद राज्याच्या २००० सालच्या कायद्याने आली. समितीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा हवा असतो. त्या वेळी आपला मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा हे शोधायला महिने लागतात. म्हणून हे काम निकालानंतर नव्हे, पदवीच्या पहिल्या वर्षी सुरू करावे.

बौद्धांसाठी आणखी एक बाब. महाराष्ट्रात नवबौद्धांना सवलती १९६० पासून आहेत. केंद्राने १९९० मध्ये कायदा बदलला, तेव्हा बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. पण आय.आय.एम.सारख्या केंद्रीय संस्थेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. नुसता 'बौद्ध' शब्द असलेला कागद तिथे अडतो. दोन्ही नमुने प्रांत कार्यालयातून आधीच काढून ठेवावेत.

आपला जिल्हा सीमेवरचा. नवापूरचे रेल्वे स्थानकच दोन राज्यांत विभागले आहे. सुरतेला कामासाठी गेलेली कुटुंबे थोडी नाहीत. मुलाने पदवी गुजरातेत घेतली असेल तर महाराष्ट्राचा अधिवास दाखला हाताशी ठेवावा. आणि हे लक्षात असावे की अनुसूचित जातीचा हक्क मूळ राज्याशी बांधलेला आहे. महाराष्ट्रातील दाखल्यावर गुजरात राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत, आणि तिकडच्या दाखल्यावर इकडच्या.

पैशाची बाजू

जागेची शक्यता काढली, पण ती पेलण्याची शक्यता काढली नाही, तर हिशेब अर्धाच राहतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. त्याहून जास्त असेल तर शिक्षण फी व परीक्षा फीची सवलत पाहावी. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आय.आय.एम.सारख्या नामांकित संस्थेत नंबर लागला तर केंद्राची उच्च श्रेणी शिष्यवृत्ती आहे, आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांची आहे. म्हणजे जी संस्था सर्वांत महाग दिसते ती आपल्या मुलाला सर्वांत स्वस्त पडू शकते. फीचा आकडा पाहूनच घाबरून अर्ज न करणारे कितीतरी हुशार विद्यार्थी आहेत. त्यांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

दोन अटी मात्र फार कमी लोकांना माहीत असतात. शिष्यवृत्ती केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या जागेलाच असते. संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही. दुसरी अट अशी की, एकाच पातळीचे शिक्षण दोनदा शिष्यवृत्तीवर घेता येत नाही. 'वर्ष वाया जाऊ नये' म्हणून कोणी आधी एम.कॉम. शिष्यवृत्तीवर पूर्ण केले, तर पुढे एम.बी.ए.ला ती अडते. एम.बी.ए. करण्याचा विचार असेल तर एम.कॉम.चा अर्ज भरण्यापूर्वीच समाज कल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.

दलालाची गोड भाषा

मे-जून महिन्यात फोन येऊ लागतात. "सीईटी नसली तरी चालेल, पुण्यात सीट आहे, आजच दहा हजार भरा." ज्या घरात हिशेब झालेला नाही त्या घरात ही भाषा लगेच शिरते. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. खासगी व्यावसायिक संस्थांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तेव्हा चार प्रश्न विचारावेत. जागा कॅपची आहे की कोट्याची? मंजूर फी किती, ती कागदावर दाखवा. अभ्यासक्रमाला परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता आहे काय? आणि पावती कोणाच्या नावाने मिळेल? यांतील एकाही प्रश्नावर समोरचा अडखळला, तर फोन ठेवून द्यावा. मुलाचा मूळ दाखला आणि गुणपत्रिका कोणाच्याही हाती 'सीट धरण्यासाठी' देऊ नयेत.

हिशेब 'नाही' म्हणाला तर

सारा ताळा मांडल्यावर कधी उत्तर 'यंदा नाही' असे येते. त्यात लाज कसली? पडेल ती जागा कर्ज काढून घेण्यापेक्षा एक वर्ष नोकरी करीत पुन्हा परीक्षा देणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. आय.आय.एम.मध्ये तर नोकरीच्या अनुभवाला अनेक ठिकाणी वजन मिळते. नोकरी सोडता येत नसेल त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग मोकळा आहे.

डॉ. बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते आणि हाती पैसा नव्हता. त्यांनी दोन वर्षे नोकरी केली, पगारातून काटकसरीने पैसा जमवला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांनी थांबून, साधने जमवून पुरे केले. ज्या कॉलेजात ते शिकवीत त्याच सिडनहॅमच्या नावाची शासकीय व्यवस्थापन संस्था १९८३ पासून चर्चगेटला उभी आहे, आणि ती आपल्या सीईटीच्या यादीत आहे. अक्कलकुव्याच्या, धडगावच्या मुलीला तिचे नाव पहिल्या रकान्यात लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे. फक्त शेजारी दुसरा आणि तिसरा रकानाही भरलेला असावा.

पालकांना आमची एकच विनंती आहे. या रविवारी मुलाला वा मुलीला शेजारी बसवा, एक वही घ्या आणि पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: पदवीचे टक्के, दाखला आहे की नाही, वैधता आहे की नाही, घरचे उत्पन्न, आणि तीन रकाने. जिथे 'नाही' लिहावे लागेल ते सोमवारचे काम.